रविवारचा नेम

कुठलंही बारीक काम करण्याआधी तो अर्धा श्वास सोडायचा आणि अर्धा आत ठेवायचा. कुलपात किल्ली घालताना, सुईत दोरा ओवताना, इतकंच काय, माझ्याकडे काठोकाठ भरलेला चहाचा कप उचलतानासुद्धा. खांदे किंचित खाली यायचे, डोळे एका जागी थांबायचे आणि मग हात हलायचा. एकदा मी म्हटलं, अरे, चहाच आहे तो, सांडला तर पुसू. त्यावर म्हणाला, "नेम आहे, काकू. मोडायचा नाही."

मुलांनो, नेम म्हणजे निशाणावर धरतात तो, आणि रोज न चुकता करायचं व्रत, तोही नेमच. तुमच्या आजोबांचा अंघोळीनंतर स्तोत्र म्हणायचा नेम होता, तसा. ह्या माणसाने दोन्ही एकच करून टाकले होते.

आज रविवार. त्याचा फोन यायचा आहे, तोवर त्याच्याबद्दल लिहून ठेवते. मेलबर्नला तुमची आई वाचून दाखवील. तुम्ही पाहिलं आहे त्याला. मागच्या खेपेला इथे आयर्लंडमध्ये, कासलबारला आलात, तेव्हा शेजारच्या अंगणात गवत कापता कापता तुम्हाला हात करणारा उंच माणूस होता ना, तो.

मूळचा नागपूरचा, इथल्या कारखान्यात इंजिनिअर. हृदयात घालायच्या केसासारख्या नळ्या तिथे तयार होतात. हौस मात्र पिस्तुलाची. हे कळलं त्या दिवशी मी मागचं दार दोनदा तपासलं आणि आजोबा मला हसले. पण इथे हौस म्हणून पिस्तूल ठेवणं सोपं नाही. क्लबचं सभासदत्व लागतं, भिंतीला बोल्टांनी जखडलेली पोलादी तिजोरी लागते, पोलिसांचा परवाना लागतो, आणि हा माणूस भरवशाचा आहे असं सांगणारी दोन माणसं लागतात. त्यांतलं एक नाव माझं होतं.

पिस्तूल घ्यायला त्याने किती महिने लावले असतील! क्लबातल्या प्रत्येकाचं हातात धरून पाहिलं. परवाना मिळतो तो लहान, पॉइंट टू-टू गोळीच्या पिस्तुलाला, त्यामुळे कुठलं हा प्रश्न सोपा असेल असं मला वाटलं होतं. तर म्हणे, मूठ महत्त्वाची. बोटं आपोआप जागेवर जायला हवीत आणि डोळे मिटून हात उचलला तरी नळी सरळ निशाणाकडे बघायला हवी. "बांगड्यांसारखं आहे, काकू. हाताला बसली पाहिजे."

त्याची बायको आतून म्हणाली, "माझ्या बांगड्या घेताना हा दुकानाबाहेर फोनवर बोलत उभा होता."

गोळ्यांची तऱ्हा तर आणखी न्यारी. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या गोळ्या. पण एका दिवशी बनलेला लॉट पिस्तुलाला मानवतो, दुसऱ्या दिवशीचा मानवत नाही. म्हणून तो वेगवेगळ्या लॉटचे डबे आणायचा, पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून प्रत्येकातल्या पाच गोळ्या झाडायचा आणि भोकं पडलेले कागद घरी आणायचा. निकाल बायको द्यायची. स्वयंपाकघराच्या खिडकीला कागद धरला की भोकांतून उजेड यायचा. पाचही भोकं एकात एक पडली असली तर ती म्हणायची, टिकली. पांगली असली तर रांगोळी. शनिवारी दुपारी त्याची गाडी आली की कुंपणावरून मीसुद्धा विचारायला लागले, आज टिकली की रांगोळी?

खंडेनवमीला आपण अवजारं पुजतो. तिने पाटावर लाटणं मांडलं, त्याचे पाने आणि पक्कड मांडली आणि मधोमध पिस्तूल. ते रिकामं असल्याची मी इतक्या वेळा खात्री करून घेतली, की शेवटी त्याने ते पुन्हा उघडून दाखवलं. तिने हळदकुंकू वाहिलं, झेंडू नव्हता म्हणून माझ्या बागेतलं डेलियाचं फूल ठेवलं. दुसऱ्या दिवशी क्लबात डेक्लनने ती पिवळी पूड पाहिली. डेक्लन म्हणजे क्लबचा म्हातारा सेक्रेटरी, मेंढ्या पाळणारा. त्याला वाटलं गंजावरचं काही नवं औषध आहे, आणि थोडं मलाही आण म्हणाला. हळद झटकली गेली. कुंकू मात्र मुठीच्या लाकडात मुरलं ते मुरलंच.

पुढच्या वसंतात तिच्या पोटात दुखायला लागलं. निदान झालं तेव्हा करण्यासारखं फार उरलं नव्हतं. माझ्या झाडाची सफरचंदं पिकायच्या आत ती गेली.

तो क्लबात जात राहिला. मला बरं वाटलं, निदान घराबाहेर पडतोय म्हणून. आता कागद तो माझ्याकडे आणायचा. माझ्या खिडकीला धरायचा आणि कागदभर उजेडाचे ठिपके दिसायचे, एक इथे, एक पार कोपऱ्यात. "लॉट बरोबर नाही, काकू." दुसरा लॉट आणला. मग तिसरा. मग दुसऱ्याच कंपनीचे. प्रत्येक वेळी तेच वाक्य, प्रत्येक वेळी सदरा थोडा अधिक सैल. मी जेवणाचा डबा भरून द्यायचे, तो न उघडता परत यायचा. एक दिवस चहा उचलताना पाहिलं, तर त्याचा श्वास पुरा बाहेर पडला होता. आत काही ठेवलंच नव्हतं. चहा बशीत सांडला. दोघांनीही तो पाहिला नाही असं केलं.

खंडेनवमी आली. त्याच्याकडे पाट मांडला नाही.

त्यानंतरच्या शनिवारी डेक्लनने त्याच्याकडून पिस्तूल मागून घेतलं. लॉटचीच भानगड असेल तर पाहूच, म्हणाला. पिशवीवर टेकवलं आणि त्याच डब्यातल्या पाच गोळ्या झाडल्या. टिकली. डेक्लनने मला हे नंतर सांगितलं, मान खाली घालून. त्याला मदतच करायची होती. आपल्या माणसाने त्या कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. पायात घरातल्या सपाता, हातात तिजोरीची किल्ली.

"काकू, लॉट चांगला आहे," तो म्हणाला. "पिस्तूलही चांगलं आहे. माझा काही नेम नाही."

मुलांनो, हा त्या शब्दाचा तिसरा उपयोग. काय होईल, कधी होईल ते सांगता येत नाही, त्याचा नेम नाही असं आपण म्हणतो. पावसाबद्दल म्हणतो. म्हाताऱ्या माणसांबद्दल म्हणतो. स्वतःबद्दल असं कुणी दारात उभं राहून सांगितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

मी त्याचा हात किल्लीसकट धरला आणि सरळ विचारलं, "जीव देणार होतास?"

"कालपासून तिजोरीसमोर बसलो होतो. उघडली नाही." मग म्हणाला, "परवान्याला तुमचं नाव दिलंय ना. म्हणून इकडे आलो."

परवाना नसलेल्या माणसाकडे ती किल्ली ठेवायची नसते. मी नियमांची किती पक्की आहे हे तुमची आई सांगेल. ती किल्ली मी कार्डिगनच्या खिशात घातली, खिशावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने डेक्लनला फोन केला. तो अंगाला मेंढ्यांचा वास घेऊन तसाच आला. इथे सगळं ठीक असलं की ग्रँड म्हणतात. काहीही ठीक नसताना तो ग्रँड, ग्रँड म्हणत राहिला, घोड्याला चुचकारावं तसा. त्याने बंदूकवाल्याला फोन करून पिस्तूल जमा करून घ्यायला रविवारी दुकान उघडायला लावलं. आम्ही तिघं गाडीतून गेलो. डेक्लनने तिजोरीतून काढलेली पिस्तुलाची पेटी डिकीत, किल्ली पुन्हा माझ्या खिशात.

दुकानदाराने पिस्तूल उघडून रिकामं असल्याचं पाहिलं. मुठीवरचा लाल डाग दिसला तसं त्याने सवयीने फडकं उचललं. त्या सगळ्या सकाळभरात आपला माणूस तेव्हा एकदाच मोठ्याने बोलला. "तो मळ नाही. ते पुसू नका."

दुकानदाराने डेक्लनकडे पाहिलं आणि फडकं खाली ठेवलं. तिथून आम्ही त्याला इस्पितळात घेऊन गेलो.

हिवाळाभर उपचार झाले. मग नागपूरहून भाऊ आला आणि त्याला घेऊन गेला. निघताना मी म्हटलं, दर रविवारी फोन करायचा. तो म्हणाला, "दुसरं काही जमेल असं वाटत नाही, काकू. एवढा नेम ठेवतो."

आणि ठेवला. मी विचारते, कसा आहेस? तो म्हणतो, रांगोळी. कधी त्यापुढे एक-दोन वाक्यं, कधी नुसताच श्वास ऐकू येतो. टिकली असं एकदाही म्हणालेला नाही. मी त्याची घाईही करत नाही. रांगोळी तर रांगोळी, बोलतोय ना.

माझं दुपारचं जेवण झालं की त्याचा फोन येतो. आज भांडी घासून, पुसून प्रेसमध्ये लावूनही झाली. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात, तुम्हाला त्याचं हसू आलं होतं. मग हे लिहायला बसले. मधे एकदा मी त्याला फोन लावला, नुसता वाजत राहिला. भावाचाही. बाहेर गेले असतील. रविवार आहे, लोक बाहेर जातात.

शेजारच्या घरात आता दुसरी माणसं राहतात. त्यांची मुलं अंगणात ओरडताहेत. नागपूरला अंधार पडला असेल. फोन समोर ठेवला आहे, आवाज मोठा केला आहे, तो वाजला तर लगेच कानाला लावता यावा म्हणून चष्माही बाजूला काढला आहे.

अर्धा श्वास सोडला आहे. अर्धा ठेवला आहे.