हॉट प्रेसमधली गळती

माझी नोकरी वस्तूंना छळण्याची आहे. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात एका कंपनीत मी टेस्टिंग करते. यंत्र तापवायचं, गोठवायचं, पाडायचं, भिजवायचं आणि कुठे मोडलं ते एक्सेलमध्ये लिहायचं. त्यामुळे सिगारेट सोडायची म्हणून मी पुन्हा भरता येणारं, पॉडवालं व्हेप, म्हणजे ई-सिगारेट घेतली, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी त्याचीही शीट उघडली. झुरका कसा येतो, घशाला लागतो का, बॅटरी किती टिकते, भरताना हात बरबटतात का. प्रत्येक रकान्याला पाचपैकी गुण.

"तू व्हेप ओढतेयस की त्याची दहावी घेतेयस?" नवऱ्याने विचारलं.

"तू गप्प बस. तुझी घेतली असती तर आपलं लग्नच झालं नसतं."

झुरक्याला चार दिले. बॅटरीला पाच, कारण सकाळी चार्ज केलं की दुसऱ्या सकाळपर्यंत कुरकुर नाही. चवीला दोन. बाटलीवर आंबा लिहिलं होतं, पण हा आंबा कुठल्या झाडाला लागतो ते देवालाच ठाऊक. आणि गळतीला शून्य. पॉड, म्हणजे रसाची कुपी, भरून ठेवावा आणि थोड्या वेळाने बघावं तर खाली चिकट थारोळं. दुकानातल्या बाबाने आधी पॉड बदलून दिला, मग आतली कॉइल, मग वैतागून अख्खं व्हेपच बदललं. नवंही गळलं.

"तू ह्याला नक्की काय करतेस?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, हे बघ, मला टेस्टिंग शिकवू नकोस, मी पंधरा वर्षं हेच करते. घरी येऊन कंपनीला तक्रारीची मेलही लिहायला घेतली, फोटो आणि तक्ते लावून.

व्हेप मी ठेवत होते हॉट प्रेसमध्ये. इथल्या घरात गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, त्यात टॉवेल, चादरी ऊबदार राहतात. टॉवेलांच्या मागे हात घालून कोण कशाला बघतंय! लपवायचं कारण म्हणजे सासूबाई आल्या होत्या, कराडजवळच्या गावाहून, दहा आठवड्यांसाठी. नवऱ्याला माझी सिगारेट कॉलेजपासून माहीत. पण सासूबाईंना कळलं असतं तर मी मेलेच असते. बेचाळीस वर्षांची बाई मी, हाताखाली सहा माणसं, आणि स्वतःच्याच घरात बाथरूमचा पंखा लावून खिडकीतून वाफ सोडत होते.

सासूबाईंना इथलं काहीच आवडलं नव्हतं. "रस्त्याला माणूस न्हाई, कुत्रं न्हाई. घरं हायती का गोदामं?" असं त्या रोज खिडकीत बसून म्हणायच्या. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर परतीच्या तारखेला त्यांनी कुंकवाचं बोट लावलं होतं आणि रोज सकाळी चहाआधी एक फुली मारायच्या.

सातव्या आठवड्यात त्यांना तिखट सोसेना. पिठल्याचा घास घेतला की डोळ्यांत पाणी. डेंटिस्टकडे नेलं. तिने खालचा ओठ उलटा करून पाहिला आणि मला बोलावून दाखवलं. आत पांढरा चट्टा होता, नखाएवढा.

"तंबाखू खातात का?"

मी विचारलं. सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "आगं बया! म्या बाईमाणूस, तंबाखू कशापायी खाईन?" मी मान ताठ करून डेंटिस्टला सांगितलं, कधीच नाही. ती म्हणाली, काहीतरी तिथे रोज लागतंय. जे असेल ते आजपासून बंद करा. तीन आठवड्यांनी पुन्हा बघू. कमी झालं नसेल तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल.

गाडीत बसल्यावर सासूबाईंनी पट्टा ओढून घेतला. मग हळूच म्हणाल्या, "थोरल्या भनीला झाला हुता, त्योच का?"

"नाही हो आई, अजून काहीच नाही झालेलं."  पण तोंडाच्या कॅन्सरने गेलेल्या त्यांच्या बहिणीचं शेवटचं वर्ष मी पाहिलं होतं. शेवटी त्या चमच्याने पाणीसुद्धा घेऊ शकत नव्हत्या.

घरी आल्याआल्या मला तलफ आली. गाडी लावून वर गेले तर हॉट प्रेसचं दार उघडं, आणि सासूबाई हातात एक डबी धरून उभ्या. ती आपली जुनी, टाल्कम पावडरची डबी. तिच्यावरून चिकट ओघळ वाहत होता.

"ह्येला आंब्याचा वास कशानं गं?"

मी डबीत पाहिलं. काळी पूड. मशेरी! तव्यावर जाळलेली तंबाखू, दातांना लावायची. माझी आजीही लावायची, मला वासावरून कळलं.

"आई! तुम्ही तर तंबाखू नाही म्हणालात!"

"ही काय तंबाखू हाय व्हय? दात घासायची हाय ही." मग त्यांनी टॉवेलांच्या मागे हात घातला आणि माझं व्हेप शेपटीला धरलेल्या उंदरासारखं बाहेर काढलं. "आन् ह्ये काय हाय?"

"ही... ही सिगारेट नाही, आई."

 मग त्यांना हसू फुटलं, आणि मलाही. हसून हसून त्या जिन्याच्या लँडिंगवरच बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "आन् गळंल न्हाई तर काय हुईल? टाकी बघ किती तापलीया. तूप बी पातळ हुतं हितं, तुझं त्ये पानी ऱ्हाईल व्हय जाग्याव?"

उष्णतेची चाचणी ही माझी खासियत. त्यासाठी मला कंपनीने बक्षीसही दिलंय. तक्रारीची मेल मी त्याच दुपारी गुपचूप पुसून टाकली.

पण हसणं ओसरल्यावर चट्टा होताच. मी म्हटलं, आई, ही डबी मी फेकणार. त्यांनी ती पदराखाली धरली. "मी सोळा वर्साची आसल्यापास्नं लावतीया. ती न्हाई तर मला सकाळी संडासला बी हुत न्हाई. तुला सांगाय काय जातंय? तू सोडशील तुझं?"

"सोडते! तुम्ही सोडा, मी सोडते."

"देवाफुडं ठिव मग."

आमचे देव किचनमधल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, डाळींच्या वरच्या फळीवर. तिथे स्टीलच्या डब्यात मशेरीची डबी आणि माझं व्हेप, दोन्ही ठेवलं. झाकण त्यांनी लावलं, हात मी जोडले. तीन आठवडे.

काय दिवस काढले हो त्यांनी! डोकं धरून बसायच्या. बडीशेप चावून चावून हिरड्या दुखवून घेतल्या. एकदा भाकरी थापताना परात आपटली आणि मुलाला, मला, आयर्लंडला आणि आयर्लंडच्या पावसाला अशा शिव्या घातल्या की नवरा छत्री न घेताच बाहेर पळाला. मग छातीला हात लावून एकदा त्या डब्याकडे बघायच्या आणि पुन्हा भाकरी थापायच्या. हात कधी वर गेला नाही.

आणि मी? मी पाच दिवस टिकले. सहाव्या दिवशी ऑफिसमधून येताना तसंच दुसरं व्हेप घेतलं आणि गाडीच्या कप्प्यात ठेवलं. थंड गाडीत ते एक थेंब गळलं नाही. मी शीटमध्ये गळतीला पाचपैकी पाच दिले आणि निर्लज्जासारखी खूश झाले. एक रकाना मात्र रिकामाच राहत होता: "सिगारेट सुटली का?" सिगारेट सुटली होती, पण सिगारेट निदान संपायची तरी. हे संपतच नव्हतं. पार्किंगमध्ये दोन झुरके, सिग्नलला एक, घराच्या दारात शेवटचे तीन, मग च्युइंगगम. आत गेले की सासूबाई विचारायच्या, "कसं काय, पोरी? तलफ येती का?" मी म्हणायचे, येते हो, पण दाबते.

तीन आठवड्यांनी डेंटिस्टने ओठ उलटा केला. तिने दिवा जवळ ओढला, पुन्हा पाहिलं, आणि हसली. ग्रँड, म्हणाली, म्हणजे इथल्या भाषेत झकास. चट्टा पुष्कळ विरला होता. तुकडा काढायची गरज नव्हती. मशेरी पुन्हा लावायची नाही, आणि गावी गेल्यावर दाखवत राहायचं. सासूबाईंनी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि मराठीत तिला भरभरून आशीर्वाद दिले. त्या शनिवारी त्यांचं विमान होतं. कॅलेंडरवर चारच फुल्या उरल्या होत्या.

गाडीत बसल्यावर मी किल्ली फिरवणार, तोच त्यांनी समोरचा कप्पा उघडला आणि सरळ व्हेप बाहेर काढलं. शोधावंही लागलं नाही त्यांना.

"ह्ये न्हाई गळत न्हवं?"

माझे कान तापले. "कधी कळलं तुम्हाला?"

"पयल्याच आठवड्यात. तोंडाला आंब्याचा वास, वर त्ये गम."

"मग बोलला का नाहीत, आई?"

"बोलले आसते तर भांडण झालं आसतं. भांडण झालं की मी म्हनले आसते, ही सोडत न्हाई तर म्या कशापायी सोडू? डबी उघडायला मला निमित्तच पायजे हुतं, पोरी. म्हून न्हाई बोलले."

मला इतकी लाज वाटली की स्टिअरिंगवर डोकं टेकलं. माझ्या खोटेपणाला सांभाळत त्यांनी तीन आठवडे काढले होते, एकटीने. मी रडत म्हटलं, आई, चुकले मी, आजपासून सोडते, खरंच.

"आजपास्नं म्हन्तीस, शनिवारपास्नं काय करशील?" त्यांनी पदराने व्हेप पुसलं, पिशवीत टाकलं आणि चेन ओढली. मग पावसाने भिजलेल्या काचेतून त्या रिकाम्या रस्त्याकडे पाहत राहिल्या, जिथे माणूस न्हाई, कुत्रं न्हाई.

"माझ्या लेकाला फोन लाव," त्या म्हणाल्या. "तिकीट फुडं ढकलाय सांग. तीन आठवडं."