आधी माणसं, मग सामान

उड्डाणांच्या नियोजन विभागाच्या प्रमुखाला आम्ही पाठीमागे ‘होईलकी’ म्हणायचो. वरून काहीही मागणी येवो, त्याचं उत्तर ठरलेलं: “होईल की!” पाठीला कणा नसलेला हा माणूस खुर्चीत बसतो तरी कसा, याचं मला नवल वाटायचं.

पृथ्वीभोवती फिरणारं स्थानक एकेक भाग वर नेऊन जोडायचं होतं. राहायची खोली वर पोचली होती. आता मालवाहू यानातून हवा शुद्ध करणारं यंत्र आणि संडास, आणि मग ते बसवायला माणसं. हा क्रम शेंबड्या पोरालाही कळेल. पण निवृत्त व्हायच्या आत स्थानकात माणसं पाठवल्याचं श्रेय संचालकांना हवं होतं.

“माणसं आधी पाठवता येतील?” त्यांनी बैठकीत विचारलं.

“होईल की!”

मी म्हटलं, “साहेब, आतली हवा थोडेच दिवस पुरेल. मालाचं यान लांबलं तर?”

“अहो, लांबेल कशाला? तुम्हाला सगळीकडे विघ्नंच दिसतात,” होईलकी म्हणाला आणि संचालक हसले तसा तोही हसला.

वर जाणाऱ्या तिघांची कॅप्टन त्याचीच धाकटी बहीण होती. निघण्याआधी ती ऑफिसात आली. “दादा, मालाचं यान वेळेवर येतंय ना?”

“येतंय गं. मी आहे ना इथे!” हे बोलताना त्याचे डोळे मोबाइलवरच्या संचालकांच्या निरोपावर होते.

ते तिघं वर गेले. इकडे मालाच्या यानाची टाकी गळली आणि उड्डाण लांबलं. वरची हवा कोंदट होत गेली. शौचाला पिशव्या वापराव्या लागल्या. एकाला उलट्या सुरू झाल्या. नियंत्रण कक्षात तिचा आवाज आला, “डोकं फुटतंय दादा. यान कधी येणार, खरं सांग.”

त्याने संचालकांकडे पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. “अजून थोडं काढ गं,” हा निर्लज्ज म्हणाला.

ती म्हणाली, “मी कॅप्टन म्हणून कळवतेय. आम्ही परत येतोय.”

तिघंही सुखरूप उतरले. दवाखान्यात होईलकी बहिणीच्या खाटेशी ढसाढसा रडला. मला कीव आली असती, पण रडतानाही तो सारखा दाराकडे बघत होता, संचालक येतात का म्हणून. तिने नर्सला सांगून त्याला बाहेर काढलं.

चौकशीत सगळा दोष टाकीवर गेला. संचालक निवृत्त झाले, आणि नव्या संचालकांनी होईलकीला खुशाल ठेवून घेतलं. असली माणसं कुठल्याही साहेबाला सोयीची असतात.

पुढच्या वेळी मात्र तिने आधी सामान पोचल्याची खात्री करून घेतली आणि मगच यानात पाय ठेवला. उड्डाण बघायला त्या दोघा भावंडांची आई माझ्या शेजारी बसली होती. पाहुण्यांच्या रांगेतून होईलकीने आईकडे बघून हात हलवला. म्हातारीने चष्मा सारखा केला आणि यानावरची नजर काही हलवली नाही.