मामाचा आहेर

जांबोटीच्या जोतिबाला कुणी विचारलं, "गाडी कुणाची रं?" तर त्याची दोन उत्तरं ठरलेली असत. गावातल्यानं विचारलं तर "माझी", आणि पोलिसानं विचारलं तर "पाहुण्यांची". पैसे भरले होते जोतिबानं, कागदावर नाव होतं त्याच्या दाजींचं. म्हणजे खोटं तो कुणाशीच बोलत नव्हता.

गाडी म्हणजे एक जुनी जीप. सकाळी मागं दुधाचे कॅन, पुढं मच्छेच्या कारखान्यात जाणारी पोरं, आणि उरलेल्या जागेत बेळगावच्या बाजाराला निघालेल्या बायका आपापल्या पाट्या मांडीवर घेऊन. जांबोटीकडं बस येते, पण तिच्या मर्जीनं येते. पावसाळ्यात तर ती आली की लोक तिच्याकडं पाहुणी आल्यासारखं बघतात. त्यामुळं जोतिबाच्या जीपवर त्याचं घर चालत होतं आणि अर्ध्या गावाची कामंही चालत होती.

ही जीप त्यानं घेतली सीमेपलीकडं, महाराष्ट्रातल्या कागलला, दाजींच्या ओळखीनं. इकडं कर्नाटकात नावावर करायची तर टॅक्स पुन्हा भरायचा, आणि तो ऐकूनच माणसाला घाम फुटावा. शिवाय एमएच झिरो नाईनची पाटी! जोतिबा हसून म्हणायचा, "आमाला काय महाराष्ट्रात नेलं न्हाय कुणी. गाडी तरी तिकडची ऱ्हाऊ दे." सीमाभागात असल्या गाड्या पैशाला पासरी आहेत. कुणाच्या मेव्हण्याच्या, कुणाच्या आत्याच्या नावावर. पिरनवाडीच्या नाक्यावर पोलिसानं अडवलं की जोतिबा कन्नडमध्ये सांगायचा, गाडी पाहुण्यांची आहे, दोन दिवसांसाठी आणली आहे. पोलीसही त्याला ओळखत होता. दोन दिवस वर्षानुवर्षं चालले होते.

आणि नाव परक्याचं थोडंच होतं? आक्काच्या नवऱ्याचं होतं. आई गेली तेव्हा जोतिबा शाळेतसुद्धा जात नव्हता. थोरल्या बहिणीनं, बाळाबाईनं, त्याला कडेवर घेऊन वाढवला. ती लग्न होऊन कागलला निघाली तेव्हा हा वरातीच्या गाडीमागं ओढ्यापर्यंत रडत पळाला होता, हे गावातली म्हातारी माणसं अजून सांगतात. आक्कावर त्याचा जीव होता. तिच्या घरातल्या माणसाकडं संशयानं बघावं हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नाही, आणि यात मला तरी त्याची चूक दिसत नाही.

जीप म्हातारी झाली. चढाला धापा टाकू लागली, पासिंगची मुदत संपत आली. अशात आक्काचा मुलगा सिद्धेश गावी आला. तिकडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला, बोलायला गोड, हातात फोन. म्हणाला, "मामा, ही आता स्क्रॅपला द्या. सरकारची योजना आहे. गाडी मोडीत काढली की सर्टिफिकेट मिळतं. नव्या गाडीवर कंपनी सूट देते, टॅक्सात सवलत मिळते, मोडीचे पैसे वेगळे."

"आनि नाव दाजींचं हाय त्याचं?"

"अहो, बाबांचं म्हणजे तुमचंच की. मिळेल ते सगळं तुमच्याकडं वळवून देतो. आईनंच पाठवलंय मला."

आईनंच पाठवलंय, एवढं ऐकलं आणि जोतिबानं विषय संपवला. त्याची बायको माधवी मात्र म्हणाली, "अवो, आधी नवीची सोय बघा, मग जुनी द्या." जोतिबा तिच्यावरच उखडला. "माझ्या आक्काच्या पोराचा हिशेब मागू व्हय मी?" बिचारी गप्प बसली. बायका अशा वेळी गप्प बसतात आणि नंतर त्यांचंच खरं ठरतं, हे जोतिबाला कळायचं होतं.

हिशेब तसा सोपा होता. बँक नव्या गाडीला कर्ज देणार होती, पण सुरुवातीला स्वतःचे म्हणून जे भरायचे असतात ते जोतिबाकडं नव्हते. ते मोडीचे पैसे आणि सूट यांतून उभे राहणार होते. ते आले तर नवी गाडी, नाहीतर जोतिबा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर. जीप कापायला गेली त्या दिवशी त्यानं तिच्या बॉनेटवर हात ठेवला, डोळे पुसले आणि किल्ली भाच्याच्या हातात दिली.

मग सुरू झालं फोनचं प्रकरण. आधी साईट बंद होती. मग साहेब रजेवर होते. मग सिद्धेशचा फोन लागेना. आक्काला लावला तर ती म्हणायची, "हुईल रं, जरा दम धर." दुधाचं काम दुसऱ्या गाडीवाल्यानं उचललं. कारखान्याची पोरं मोटरसायकली घेऊन जाऊ लागली. जोतिबा दम धरून बसला.

आणि एक दिवस आक्काचाच फोन आला. सिद्धेशचं जमलं, निपाणीची मुलगी, साखरपुडा कागलला घरीच, आदल्या दिवशीच या. आक्काचा आवाज आनंदानं फुलला होता. जोतिबाही सगळं विसरून खूश झाला. भाच्यासाठी अंगठी घ्यायला माधवीनं स्वतःच्या कानातली फुलं मोडली. आदल्या दिवशी मात्र जाता आलं नाही. दोघं बसनं गेली, आणि बस ती बस; पोचली तेव्हा साखरपुड्याची वेळ झाली होती.

दारात मांडव होता आणि मांडवाच्या बाजूला नवी कोरी पांढरी गाडी. बॉनेटवर झेंडूचा हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. जोतिबाला वाटलं, मुलीकडच्यांची असेल. तेवढ्यात दाजी धावत आले, त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला ओढत पुढं घेऊन गेले. त्याला फेटा बांधला. निपाणीचे पाहुणे समोर बसले होते. दाजींनी माईक हातात घेतला.

"ही गाडी आमच्या जोतिबानं दिली भाच्याला. स्वतःची जीप मोडून दिली! असा मामा मिळायला नशीब लागतं."

टाळ्या पडल्या. सिद्धेश पाया पडला. पाया पडताना त्यानं वर बघितलं नाही. जोतिबाच्या हातात कुणीतरी नारळ दिला. सगळा मांडव त्याच्याकडं कौतुकानं बघत होता आणि तो पुतळ्यासारखा उभा होता. इथं तोंड उघडलं तर आक्काची अब्रू जाणार, पोराचं जमलेलं मोडणार. मामानं नारळ फोडला.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. त्यातही गळा कापून वर फेटा बांधला होता!

पंगत बसल्यावर त्यानं दाजींना बाजूला घेतलं. दाजी शांतपणे म्हणाले, "अरं, कागदावर गाडी माझीच हुती. तूच सांगत फिरायचास की पाहुण्यांची हाय म्हणून. पुढं बघू की तुझं कायतरी." आणि वाढायला निघून गेले.

आक्का स्वयंपाकघरात लाडवांची ताटं लावत होती.

"आक्का, तुला ठावं हुतं?"

तिचा हात थांबला. "पोरीकडच्यांनी विचारलं, दारात गाडी हाय का. ह्या बापलेकांनी हाय म्हणून सांगितलं. मग काय करायचं?"

"मला मागायचीस."

"मागाय लाज वाटली रं."

"आनि घ्याय?"

आक्कानं पदर तोंडाला लावला आणि रडू लागली. लहानपणी ती रडली की जोतिबाही रडायचा. या वेळी तो नुसता उभा राहिला. मग फेटा उतरवून पिठाच्या डब्यावर ठेवला, माधवीला हाक मारली आणि दोघं न जेवता निघाली. वाटेत माधवीनं चार शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

गावात त्याच्या आधी त्याची कीर्ती पोचली होती. देवळात, डेअरीवर, लग्नात, जो तो म्हणे, काय मन हाय गड्याचं! जोतिबा मान हलवायचा. लुबाडला गेलेला माणूस निदान बोंब तरी मारू शकतो. याला तेवढीही सोय नव्हती. आता तो बेळगावच्या एका दूधवाल्याची गाडी चालवतो आणि तिथवर रोज सकाळी बसनं जातो.

परवा त्याच बसमध्ये म्हातारा यल्लाप्पा भेटला. बस गच्च भरली होती. यल्लाप्पानं सरकून जोतिबाला जागा केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बसा कर्णाचे अवतार! भाच्याला नवी गाडी देऊन मामा बघा उभा ऱ्हायलाय."

लोक हसले. जोतिबा बसला नाही. वरचा दांडा धरून म्हणाला, "दिली न्हाय, यल्लाप्पाण्णा. माझ्या आक्कानं चोरली."

आजवर आक्काविषयी वाकडा शब्द त्याच्या तोंडातून कुणी ऐकला नव्हता. यल्लाप्पा खाली बघू लागला. पुढं बसलेल्या बायका मागं वळल्या होत्या, त्या पुन्हा समोर बघू लागल्या. आणि जोतिबा, एवढा बाप्या गडी, भरल्या बसमध्ये दांड्याला धरून हुंदके देऊन रडायला लागला.