लुंगीचे लंगोट

सासुरवाडीच्या गॅलरीत माझी लुंगी तुकड्यातुकड्यांनी वाळत होती. निळ्या चौकड्या मी लांबूनच ओळखल्या. पहिलं बाळंतपण म्हणून बायको माहेरी आलेली, आणि मी आपला रविवारचा पाहुणा.

"हा काय खून पाडलात?" मी सासूबाईंना विचारलं.

"लंगोट शिवतेय," त्या सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "तान्ह्याला जुनं सुतीच लागतं. तुमच्या लुंगीएवढं जुनं कापड अख्ख्या तालुक्यात नव्हतं."

ती लुंगी नेसून मी एकदा असा झोपलो होतो, की शेजारी हार घेऊन आले होते. आणि ज्याला अजून नावसुद्धा नाही, त्या प्राण्यानं ती पळवली. उद्या माझी खाट घेईल, परवा बायको.

बरं, मी हौसेनं आणलेली रेशमी झबली? ती कपाटात कुलूपबंद. "बाळ यायच्या आधी नवं काही आणायचं नसतं, जावईबापू." पाळणा तर जिन्यावरूनच परत गेला. म्हणजे बापाकडून नवं काही नको. झिजून झिजून मऊ झालेलं तेवढं चालतं. मग मला तरी कशाला बोलावता, मलाच फाडा की.

एवढ्यात सासूबाईंची नजर माझ्या अंगावरच्या दुसऱ्या लुंगीवर गेली. "थोडे कमीच पडतील बघा."

मी दात खात आत गेलो, पँट चढवली आणि लुंगी त्यांच्यापुढे आदळली.

"घ्या. पण शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा. टोचेल त्याला."