‘रिलीव्ह केलाय म्हंजे काय, ताई?’

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. दोनदा सांगायला बसले — आणि दोन्ही वेळा विषय दुसरीकडे नेला.

नौपाड्यातल्या एका छोट्या कंपनीत मी ऑफिस सांभाळते. रजा, हजेरी, पत्रं. हिरामणकाका आमचे वॉचमन. खाडीकाठच्या कोळीवाड्यातले, साठी ओलांडलेले, बारा वर्षं आमच्या गेटवर. घरी जवळ्याची चटणी झाली की एका कागदात बांधून माझ्यासाठी आणायचे.

मालकांनी एजन्सीचे गार्ड घ्यायचं ठरवलं. काकांना पत्र द्यायचं काम माझ्याकडे आलं. ते मी इंग्रजीत लिहिलं. मराठीत का नाही? मराठीत ‘तुम्हाला कामावरून काढलं आहे’ असं लिहावं लागलं असतं, आणि ते त्यांनी माझ्यासमोर उभं राहून वाचलं असतं. इंग्रजीत एक मऊ शब्द सापडला — रिलीव्ह.

चीड येते मला त्या शब्दाची. बामच्या डबीवर तो दुखणं घालवतो. सरकारी माणसाची बदली झाली की त्याला रिलीव्ह करतात, म्हणजे तो दुसरीकडे हजर होतो. आणि वॉचमनच्या तोंडी? दुसरा गार्ड आला की पहिला रिलीव्ह होतो. घरी जातो, जेवतो, झोपतो, पुढच्या पाळीला परत येतो. काकांना हा एवढाच अर्थ माहीत होता. आणि मला ते माहीत होतं — तुम्हाला म्हणून सांगते, मला ते लिहितानाच माहीत होतं.

“रिलीव्ह केलाय म्हंजे काय, ताई? बदली गडी येनार ना?” पत्र हातात देताना मी तेवढा एक शब्द वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी विचारलं. “मंग मी परत कवा येव?”

एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणाले, “थोडे दिवस आराम करा, काका. मी फोन करते.”

फोन तेच करायचे. दर सोमवारी. मी कधी उचलायचे, कधी नाही. ‘साहेबांशी बोलते’ — किती वेळा म्हणाले असेन? एकदा त्यांनी सांगितलं, माजिवड्याच्या एका सोसायटीत काम मिळत होतं, पण आपल्या ऑफिसातून बोलावणं येणार म्हणून त्यांनी नाही म्हटलं. तेव्हा तरी सांगायचं. तेव्हाही नाही सांगितलं.

चौथ्या महिन्यात त्यांची मुलगी त्यांना घेऊन ऑफिसात आली. तिने पत्र कुणाकडून तरी वाचून घेतलेलं.

“बाबांना तुम्ही काय सांगितलेलं?” तिने सरळ विचारलं.

मालक केबिनच्या दारात उभे होते. मी म्हणाले, “पत्रात स्पष्ट लिहिलंय. त्यांच्याच समजण्यात काहीतरी घोळ झाला असेल.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही — तसं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मी काय बोलले होते, ते त्यांना शब्दन्‌शब्द आठवत होतं. मग ते मुलीकडे वळले.

“चल. ताई बरोबर बोलते. मलाच इंग्रजी कलत नाय.”

मी खुर्चीतून उठलेही नाही. माझं खोटं झाकायला तो माणूस आपल्या मुलीशी खोटं बोलला. आणि मी त्याला बोलू दिलं.