पेरलेले दात

अशी जवळ सरक बाई. लांब बसून माझं बोलणं कळायचं नाही. आणि आधी एक सांग, लेकराच्या नखात जराशी माती दिसली तर त्याला एवढं ओरडायचं काय कारण होतं? बाटलीतलं ते वासाचं पाणी चोळून चोळून एखाद्या दिवशी त्याच्या हाताची सालं काढशील. माती म्हणजे काय विंचू आहे? माझ्या धाकट्या जावेनं हे पाहिलं असतं ना, तर वर्गात तुलाच पहिल्या रांगेत बसवलं असतं.

माझी ही जाऊ आर्वी आणि पुलगावच्या मधल्या आमच्या गावात बालवाडी चालवते. मी पैजेवर सांगते, जगात शिकण्यासारखं जे काही आहे ते जमिनीपासून हातभर उंचीच्या आतच असतं, असं मानणारी दुसरी बाई अख्ख्या वर्धा जिल्ह्यात सापडायची नाही. त्याच्या वर जे आहे ते, तिच्या मते, मोठ्या माणसांनी उगाच वाढवून ठेवलेलं.

तिच्या वर्गात हजेरीला पोरांची नावं नसतात. ज्यानं ज्या झाडाचं पान आणलं, ते त्या दिवसापुरतं त्याचं नाव. "कडुनिंब!" "हजर!" "बोर!" "हजर, पण शेंबूड आला." एकदा तालुक्याहून एक साहेब पाहायला आले. त्यांना हिनं दारातच अडवलं, "तुमचं पान?" साहेब बिचारे बाहेर जाऊन रुईचं पान तोडून आले आणि जाईपर्यंत 'रुईसाहेब' होऊन बसले. अजूनही बाजारात भेटले की पोरं त्यांना त्याच नावानं हाक मारतात, आणि ते वळून पाहतात.

आकडे मोजायला तिच्याकडे बकरीच्या लेंड्या. तूही नाक मुरड, सगळ्याच मुरडतात. मी तिला म्हटलं, "अवं, प्लास्टिकचे मणी मिळतात बाजारात." तर म्हणते, "जाऊबाई, मणी कुठून येते ते पोराले दिसते का? लेंडी कुठून येते ते पोरानं डोळ्यानं पाह्यलेलं असते." पण पुढं एका लग्नात पंगत बसली होती, गुलाबजाम वाढणारा आला, आणि आमच्या गल्लीतल्या पोरीनं मोठ्यानं सांगितलं, "मले दोन लेंड्या वाढ!" वरपक्षाकडच्या तीन ताटांतले गुलाबजाम तसेच राहिले. पोरीची आई मात्र म्हणाली, मोजले तर बरोबर ना.

अक्षरांचं तर विचारूच नकोस. 'ग' शिकवायचा तो गांडूळ आपणहून वळून 'ग' होईल तेव्हा, हा तिचा हट्ट. एका वर्षी पाऊस उशिरा आला, गांडूळ काही निघेनात, आणि पोरं 'ख' वरून थेट 'घ' वर गेली. त्या वर्षीची पोरं गणपती बसेपर्यंत 'ग' शिवाय जगली. काही बिघडलं नाही म्हणा.

पण तिचा खरा धडा एकच, पेरायचा. बालवाडी भरते त्या गोदामाच्या दारासमोर तिनं एक वाफा केलाय. ज्याला जे वाटेल ते त्यानं पेरावं, रोज पाणी घालावं आणि वाट पाहावी. नियम दोन. पेरलेलं उकरायचं नाही, हा पहिला. आणि उकरायचंच झालं तर ज्यानं पेरलं त्यानं म्हटल्याशिवाय नाही, हा दुसरा. 'हे उगवणार नाही' असं ती कोणाला कधीच सांगत नाही. म्हणून त्या वाफ्यात वालाच्या, मक्याच्या शेजारी चमचा, टीव्हीचं रिमोट आणि माझ्या चष्म्याची एक काडीही सुखानं नांदत होती.

ते गोदाम गावातल्या किराणावाल्या शेठजींचं. वापरात नव्हतं म्हणून त्यांनी बालवाडीला दिलेलं. पण शेठजींच्या मुलाला तिथं कापूस आणि सोयाबीन भरायचं होतं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की शेठजी दरवर्षी भाषण करतात. त्या वर्षी भाषणात गोदाम खाली करायचं सांगून टाकायचं, असं बापलेकांचं ठरलं. गावाला हे आधीच कळलं होतं. अर्ध्या आयांनी आर्वीच्या कॉन्व्हेंटच्या पिवळ्या गाडीत लेकरांची जागाही धरून ठेवली. जाऊ चहात साखरेऐवजी मीठ टाकायला लागली होती. दुसरी जागा गावात नव्हतीच.

आणि आदल्या दिवशी शेठजींची कवळी गेली.

सकाळी दात धुऊन वाटीत ठेवले आणि शेठजी पूजेला बसले. उठून पाहतात तर वाटीत नुसतं पाणी. घर उलटंपालटं झालं. शेवटी बालवाडीत जाणारी त्यांची चार वर्षांची नात म्हणाली, "मी पेरले."

शेठजी तोंडाला गमछा लावून, नातीला धरून तडक शाळेत. मी तेव्हा तिथं पोरांसाठी मुरमुरे घेऊन गेलेली, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

"बाई, उकरा!" शेठजी गमछ्याआडून गरजले. "अभी के अभी!"

जाऊ वाफ्यापाशी मांडी घालून बसली. "नाई उकरत."

"अहो, दात आहेत ते माझे! उद्या भाषण आहे!"

"असतीन. पण पोरीनं पेरले ना?"

"ते उगवणार आहेत का?"

"हे तुम्ही तिले सांगा. मी नाई सांगत."

मी तिच्या कानात म्हटलं, "अवं, गोदाम जाईन तुयं! उकरून दे ना." ती मलाच डाफरली, "गोदाम गेलं तं झाडाखाली बसीन. एकदा हिच्यासमोर उकरलं का मग ह्या पोरांले कशाची वाट पाहाय म्हणू मी?" बोलताना तिचे डोळे भरले होते, पण बूड काही हललं नाही.

मग शेठजी नातीसमोर उकिडवे बसले. "बेटा, आजोबाचे दात काऊन पेरले वं?"

"तुम्हाले भुईमुगाच्या शेंगा चावत नाई ना. सगळ्या मलेच देता. पुष्कळ दात उगवले का त्यातले नीट बसणारे तुम्ही घेजा."

शेठजींनी गमछा आणखी वर ओढला, पार डोळ्यांपर्यंत. मग विचारलं, "मग कधीपर्यंत थांबायचं?"

"दाताजवळच आज वालबी पेरला. तो उगवला का पाहू."

दुसऱ्या दिवशी झेंडा फडकला, भाषण झालं नाही. तिथून पुढं शेठजी रोज सकाळी हजेरीच्या वेळेला. दारात पान मागितलं म्हणून खाऊचंच पान घेऊन आले, तेव्हा पोरांनी त्यांना 'नागवेल' करून टाकलं. पोरांच्या बसकरावर बसून ते मऊ खिचडी खायचे, वाफ्याला पाणी घालायचे. मुलगा विचारायला आला की हात हलवून म्हणायचे, "दात आल्यावर बोलतो." एकदा नात म्हणाली, सगळेच पेरतात, तुम्ही काऊन नाही? तर त्यांनी दुकानातल्या चिंचेतला एक चिंचोका आणून वाफ्याच्या ऐन मधोमध पेरला.

वाल उगवला. दात उगवले नाहीत. नातीनं कमरेवर हात ठेवून अख्खा वाफा पाहिला. मग म्हणाली, "चमचाही नाई उगवला. रिमोटबी नाई. ज्याच्या पोटात कोंब असते तेच उगवते." वळून आजोबांना म्हणाली, "उकरा आता. मी म्हणून राह्यली."

जावेनं माझ्याकडे पाहिलं. अशी मान तिनं आमच्या लग्नाकार्यांतही कधी ताठ केली नव्हती.

कवळी निघाली, तिच्या दोन दातांच्या फटीतून वालाचं मूळ गेलेलं. शेठजींनी ते मूळ तुटू न देता सोडवलं, कवळी धुतली, लावली, आणि पहिलं वाक्य मुलाला ऐकवलं, "गोदाम आत्ता खाली होणार नाही. माझं पेरलेलं आहे तिथं."

तू म्हणशील, संपली गोष्ट. नाही ना संपली. मागच्या उन्हाळ्यात शेठजी गेले. तेरवी झाल्यावर मुलगा गोदामाचं माप घ्यायला माणूस घेऊन आला. माल भरायचा तर ट्रक दाराशी लागला पाहिजे, आणि दारासमोर तर कमरेएवढी चिंच. तो म्हणाला, हे आधी काढावं लागेल. नात आता पहिलीत गेलीय, पण जाता-येता त्या चिंचेला पाणी घालते. ती आडवी उभी राहिली. "ज्यानं पेरलं त्यानंच म्हटलं पाह्यजे, बाबा. आजोबाले विचारून या."

त्यानं मापाचा टेप गुंडाळून खिशात घातला. पुन्हा काही तो आला नाही.

जावेचे गुडघे आता दुखतात. वाफ्याशी बसली की उठवायला दोन पोरं लागतात. चिंच धरायला बरीच वर्षं लागतील, तोवर आपण असू का, असं मी विचारलं की म्हणते, "उकरून पाहू नका, जाऊबाई."

म्हणून म्हणते, सुट्टीची वाट नको पाहू. लेकराला घेऊन लवकर येजो. दारात पान मागतील, ते वाटेत तोडून घे, आणि खिशात काहीतरी बी असू दे. ते वासाचं पाणी मात्र घरीच ठेवजो.