झालं समज, ताई

"तुमच्या पोरीचं नावच नाय ऑपरेशनच्या यादीत," दवाखान्यातली मॅडम म्हणली, आन मी पोरीला कडेवर घेऊन पळतच मुकुंदवाडीला आले, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या भाऊच्या दुकानात. पोरीच्या काळजाला भोक हाय. ऑपरेशनचा नंबर त्यानंच लावला व्हता.

भाऊ लई गोड माणूस. तोंडात कायम बडीशेप, आन काय बी विचारलं की, "झालं समज, ताई." आम्हा गिऱ्हाइकांना सोपं जावं म्हणून त्यानं आमच्या मोबाइलवर एक बटण बनवून दिलेलं. दाबलं की दवाखान्याचं पान उघडायचं, त्यातच नंबराचा फॉर्म भरायचा.

आज माझ्यासमोर त्यानं ते दाबलं. पान आपोआप दुसरीकडं गेलं, वरचा पत्ता झटकन बदलला. भाऊचं चावणं थांबलं.

"दवाखान्यानं साइटचा पत्ता बदललाय, ताई. माझ्या बटणात जुनाच राहिला."

"मग आपण भरलेला फॉर्म?"

"जुन्या पत्त्यावरनं नव्याकडं जाताना वाटंतच गळाला. नुसतं 'स्वागत आहे' दिसायचं, मला वाटायचं झालं."

त्यानं पत्ता नवा टाकला. हळूच म्हणला, "तुझा नंबर आत्ता लावतो. बाहेर बोलू नको, दुकान बंद पडंल माझं."

बाहेर बाकड्यावर दोघी बसलेल्या, आजारी लेकरं मांडीवर. त्यांनी बी हेच बटण दाबलेलं.

"आन त्यांचं?"

"त्यांना कुठं माहीत हाय?"

पोरीचे कागद त्याच्या हातात व्हते. तुम्ही काय केलं असतं?